गाळून काढलेला आवाज

माझी भाची बडोद्याला ध्वनिमुद्रणाचं शिकते. गेल्या श्रावणात ती निपाणीला आली होती, तेव्हा आमच्या मंडळाच्या बैठकीत तिनं स्वतः केलेली एक रचना आम्हाला ऐकवली. रचना अकरा मिनिटांची. त्यात गाणं नाही, पेटी नाही, तबला नाही. आहेत ते सगळे माझ्या माहेरच्या स्वयंपाकघरातले आणि परसातले आवाज. रहाटाची करकर, कळशी बुडतानाचा बुडबुडा, परातीत भाकरी थापल्याचे हात, विळीवर गवारी मोडल्याचा बारीक आवाज, कुकरच्या शिट्ट्या, आणि मधूनमधून माझ्या आईचं पुटपुटणं. आदल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन दिवस फडताळात आणि विहिरीच्या कठड्यावर एक लहानसं यंत्र ठेवून तिनं हे सगळं टिपलं होतं. त्यानंतर चार महिन्यांनी आई गेली. रचनेचं नाव तिनं ठेवलंय 'परसदार'.

ऐकून झाल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, "हे तर आमच्या घरात रोजच वाजतंय की गं. यात संगीत कुठं आलं?" सगळ्या हसल्या. दुसरीनं डोळे पुसले. तिसरीनं हे शिकायला फी किती पडते ते विचारलं. माझी वहिनी मागं भिंतीला टेकून बसली होती. आईचं शेवटचं सगळं तिनंच केलं. ती एवढंच म्हणाली, "आईंचा खोकला कुठं गेला?"

भाची म्हणाली, "तो काढला मामी. फार मध्ये मध्ये येत होता."

वहिनी गप्प बसली. चहा आला, विषय बदलला. जाताना भाची मला म्हणाली, "मावशी, तू पुस्तकांवर लिहितेस तसं यावर लिही. भीड धरू नकोस."

म्हणून हे लिहिते आहे. संगीत हा काही माझा प्रांत नाही, पण ऐकणं हा आपल्या सगळ्याजणींचा प्रांत आहे असं मला वाटतं. आणि मंडळात विचारले गेलेले दोन प्रश्न, 'यात संगीत कुठं आलं' आणि 'खोकला कुठं गेला', हे दोन्ही गंभीर प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं शोधताना मी भाचीनं सांगितलेलं बरंच काही ऐकलं, दुपारच्या वेळी, कानाला यंत्र लावून. आधी ते सांगते, मग 'परसदार'कडे येते.

या प्रकाराची सुरुवात सांगताना बहुतेकजण पॅरिसचं नाव घेतात. फ्रेंच रेडिओत पिएर शेफेर नावाचे एक इंजिनिअर होते. १९४८ साली ते पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनात ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन गेले आणि वाफेच्या इंजिनांचे आवाज त्यांनी टिपले. चाकांचा ठेका, वाफेचा फुसकारा, शिट्टी. तेव्हा टेप त्यांच्या हाताशी नव्हती, काम तबकड्यांवर चाले. आपल्याकडे ग्रामोफोनची सुई एकाच जागी अडकली की तेच तेच वाजायचं, आणि वडीलमाणूस ओरडायचं की अरे सुई उचला. शेफेरनी ती अडकणारी खाच मुद्दाम तयार केली. एकच क्षण पुन्हा पुन्हा ऐकला की तो कशाचा आवाज आहे हे माणूस हळूहळू विसरतं आणि आवाजाचाच पोत ऐकू लागतं, हे त्यांच्या लक्षात आलं. अशा पाच छोट्या रचना त्या वर्षी ५ ऑक्टोबरला रेडिओवरून प्रसारित झाल्या. आगगाडीची त्यातली पहिली, जेमतेम तीन मिनिटांची. या संगीताला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ मी माझ्यापुरता असा लावते: आधी कागदावर सूर लिहून मग ते वाजवायचे, त्याऐवजी आधी खरा आवाज हातात घ्यायचा आणि त्याच्यापासून रचनेकडे जायचं. पीठ हातात घेतल्यावर भाकरी किती मोठी होणार ते ठरतं, तसं.

त्याच्याही आधी, १९४४ साली, कैरोमध्ये हलीम एल-दाब नावाच्या तरुणानं तारेवर मुद्रण करणारं यंत्र रेडिओ केंद्राकडून मिळवलं आणि बायकांच्या 'झार' नावाच्या एका विधीतलं गाणं टिपलं. पुढं स्टुडिओत त्यातला काही भाग काढून, प्रतिध्वनी वाढवून त्यानं एक रचना केली. हे मला मुद्दाम सांगायचं आहे. कारण या नव्या संगीताच्या अगदी पहिल्या पानावरच बायका जमून गातात तो आवाज आहे, आणि त्यातून काय ठेवायचं, काय काढायचं हे ठरवणारा बाहेरून आलेला एक माणूस आहे. रचनेवर नाव त्याचं आहे.

शेफेर यांच्या पाच रचनांतली शेवटची मला सगळ्यात जवळची वाटली, कारण तिच्यात स्वयंपाकघर आहे. तिचं दुसरं नावच भांड्यांवरून पडलं आहे. गोल गोल फिरत हळूहळू थांबणारी झाकणं त्यात आहेत. तो आवाज तुम्ही हजार वेळा ऐकलाय. ताटली हातातून निसटते, फरशीवर गरगर फिरते, वेग वाढत जातो आणि शेवटी एकदम गप्प. त्याच रचनेत साशा गित्री या प्रसिद्ध नट-नाटककाराचा आवाजही येतो. ती तबकडी शेफेरना स्टुडिओतल्या टाकाऊ तबकड्यांत सापडली होती. ती टाकाऊ का ठरली होती, तर मुद्रण चालू असताना मध्येच तिथली एक बाई खोकली होती.

हे वाचलं तेव्हा मी वहिनीला हाक मारून सांगितलं. ती गहू निवडत होती. म्हणाली, "मग त्यानं ठेवला का नाही खोकला?" ठेवला. ज्या खोकल्यामुळे तबकडी वाया गेली होती, तोही त्यानं रचनेत घेतला. टाकाऊ म्हणून जे बाजूला काढलं जातं त्यातच हे संगीत जन्मलं आहे, एवढं तरी यावरून म्हणता येईल.

पण शेफेर यांचं पुढचं म्हणणं मला पचत नाही. त्यांनी अनेक वर्षं विचार करून, १९६६ साली मोठा ग्रंथ लिहून मांडलं की खरं ऐकणं म्हणजे आवाज कुठून आला, कशासाठी आला हे बाजूला ठेवून नुसता आवाज ऐकणं. पायथागोरस पडद्याआडून शिष्यांना शिकवत असे म्हणतात, म्हणजे शिष्यांचं लक्ष चेहऱ्याकडे न जाता बोलण्याकडे राहावं. तसा पडदा प्रत्येक आवाजापुढे धरायचा.

आता मला सांगा, कुकरची शिट्टी तुम्ही अशी ऐकू शकता? मी प्रयत्न केला. डोळे मिटले. पहिली शिट्टी झाली, तिचा चढता सूर खरंच सुरेख असतो, शेवटी तो थरथरतो. दुसरी झाली. तिसऱ्या शिट्टीला मी उठून गॅस बारीक करून आले. माझ्या पायांनी तत्त्वज्ञान ऐकलं नाही. आपल्या घरातला जवळजवळ प्रत्येक आवाज हा बाईला दिलेला निरोप असतो. दूध वर आलं, पाणी गेलं, मूल उठलं, दारात कुणी आलं, सासऱ्यांनी काठी टेकली म्हणजे त्यांना परसात जायचंय. आवाजाचा उगम विसरायची मोकळीक ज्याला कुणी हाक मारणार नाही त्याला असते. शेफेर चुकले असं मी म्हणत नाही. झाकणाच्या गरगरण्यात त्यांनी जे ऐकलं ते मी पन्नास वर्षं भांडी हाताळून ऐकलं नव्हतं. पण त्यांच्या पडद्याच्या अलीकडे राहून ऐकणारं माणूसही संगीतच ऐकतं, हे त्यांच्या ग्रंथानं नीट मान्य केलं नाही.

त्यांच्याच संस्थेतल्या ल्युक फेरारी यांनी ते केलं. क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या एका बेटावर, वेला लुका नावाच्या गावात, ते खिडकीत यंत्र ठेवून पहाटेचे आवाज टिपत राहिले. बोटींची इंजिनं, गाढव, माणसांची बोलणी, उन्हं वाढल्यावर किड्यांची किरकिर. अनेक पहाटांतून निवडून त्यांनी एकच पहाट वाटावी अशी वीसेक मिनिटांची रचना केली आणि १९७० साली पुरी केली. नावाचा अर्थ 'जवळजवळ काहीच नाही'. त्यांच्या सहकाऱ्यांना ते आवडलं नाही. 'यात संगीत कुठं आलं' हा आमच्या मंडळातला प्रश्न पॅरिसातही विचारला गेला होता, हे ऐकून आमच्या त्या मैत्रिणीला बरं वाटेल.

मला मात्र ज्या रचनेनं खरं उत्तर दिलं ती एका बाईची आहे. हिल्डेगार्ड वेस्टरकॅम्प. जन्म जर्मनीतला, १९४६ चा. १९६८ साली कॅनडाला गेल्या आणि व्हँकुव्हरला राहिल्या. तिथं त्या लोकांना बरोबर घेऊन नुसतं ऐकत चालण्याचा परिपाठ ठेवत, रेडिओवर तसा कार्यक्रमही करत. १९८९ सालची त्यांची 'किट्स बीच साउंडवॉक' नावाची रचना आहे, दहाएक मिनिटांची. शहरालगतच्या समुद्रकिनाऱ्यावर सकाळच्या वेळी खडकांना चिकटलेल्या शिंपल्यांसारख्या जिवांचा अगदी बारीक कुरकुर आवाज त्या टिपतात. पण मागं शहर घोंघावतंय. मग त्या स्वतः बोलू लागतात. साध्या, शांत आवाजात त्या ऐकणाऱ्याला सांगतात की शहर किती मोठं आहे, आणि आता मी स्टुडिओत आहे, माझ्याजवळ यंत्रं आहेत, मी ते शहर गाळून टाकू शकते. आणि गाळून टाकतात. आपल्या कानादेखत शहर नाहीसं होतं. मग त्या बारीक आवाजांतून त्यांना पडलेली स्वप्नं सांगतात. शेवटी शहर परत येतं, पण आता आपण त्याला घाबरत नाही.

मी ही रचना चार वेळा ऐकली. तिच्यात काही कठीण नाही. सगळा मोठेपणा एका प्रामाणिकपणात आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रण करणारा काहीतरी काढतो. सिनेमात काढतात, आकाशवाणीवर काढतात, लग्नाच्या व्हिडिओत काढतात. वेस्टरकॅम्पबाई काढताना सांगतात, की मी हे काढते आहे, बघा, असं काढता येतं. ऐकणाऱ्याला त्या अंधारात ठेवत नाहीत. आणि काढलेलं परत आणतात.

याच बाई १९९२ साली कार्यशाळेच्या निमित्तानं दिल्लीला आल्या. पुढं १९९७ साली तिथले आवाज घेऊन त्यांनी एक रचना केली. फेरीवाल्यांच्या हाका, सायकलच्या घंट्या, स्कूटरचे हॉर्न, धातूच्या बादल्या. ती ऐकताना मात्र मी दोन मनांत राहिले. आवाज सुंदर लावलेत, बादलीच्या आदळण्यातून त्यांनी घंटेसारखा नाद काढलाय. पण फेरीवाल्याची हाक मला नुसता सूर म्हणून ऐकता येत नाही. हाक आली की माझा हात पिशवीकडे जातो. ज्याला ती भाषा येत नाही त्याला ती आधीच संगीत असते. बाईंना हे ठाऊक आहे. आपण परक्या जागी आलो आहोत, वरच्या थराच्या जरा आत हळूच शिरतो आहोत, अशा अर्थाचं लांबलचक नाव त्यांनी रचनेला दिलंय. नावात का होईना, त्यांनी मर्यादा सांगितली. हलीम एल-दाब यांच्या तारेपासून इथपर्यंत एवढा तरी पल्ला गाठला गेला.

आता आपल्या जवळची एक गोष्ट सांगते, म्हणजे हे सगळं परदेशातलं फॅड आहे असं कुणाला वाटायला नको. अहमदाबादच्या साराभाई या जैन घराण्यातल्या गीता साराभाई पखवाज शिकल्या होत्या, ज्या काळी बाईनं पखवाजाला हात लावणं नवलाचं होतं. १९४६ साली त्या न्यूयॉर्कला गेल्या. तिथं जॉन केज या तरुण संगीतकाराशी त्यांची ओळख झाली. मी तुम्हाला भारतीय संगीत सांगते, तुम्ही मला पाश्चात्त्य संगीत सांगा, असा सौदा ठरला. केजनी त्यांना विचारलं की तुमच्याकडे संगीताचं प्रयोजन काय मानतात? गीताबाईंनी आपल्या गुरूंचं सांगणं त्यांना सांगितलं, की मन शांत आणि निवळ करावं, म्हणजे त्यात दैवी गोष्टींना वाव मिळतो. केज हे आयुष्यभर सांगत राहिले. १९५२ साली त्यांची सर्वांत गाजलेली रचना आली. वादक पियानोपाशी बसतो आणि चार मिनिटं तेहतीस सेकंद काहीच वाजवत नाही. सभागृहात जे ऐकू येईल तेच संगीत. पहिल्यांदा ती 'वाजवणारे' डेव्हिड ट्यूडर पुढं १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले आणि तिथं इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. गीताबाईंनीही तिथं रचना केली. त्या टेपा संस्थेच्या कपाटांत वर्षानुवर्षं पडून होत्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंतानं त्या शोधल्या आणि २०२३ साली त्यांतल्या निवडक प्रसिद्ध झाल्या.

गीताबाईंची ही गोष्ट वाचताना मला सामायिकाला बसलेली आई आठवली. अठ्ठेचाळीस मिनिटं. बस्तीच्या ओसरीवर आम्ही पोरी तिच्यामागं बसायचो. रस्त्यावरून बैलगाडी जायची, कुणी कुणाला शिव्या द्यायचं, पारव्यांचे पंख वाजायचे. मी मान वळवायची. आई म्हणायची, "आवाज आला तर येऊ दे. त्याच्यामागं तू जाऊ नको." शेफेर यांच्या पडद्यापेक्षा हे मला जास्त नेमकं वाटतं. आईला बैलगाडी ही बैलगाडीच राहायची, कुणाची आहे हेही तिला चाकावरून कळायचं. फक्त त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत ती बैलगाडीच्या मागं जायची नाही. उठल्यावर विचारायची, "पाटलांची गाडी एवढ्या लौकर कुठं गेली गं?"

एवढी तयारी करून मी 'परसदार' पुन्हा ऐकलं. सहा वेळा.

आधी चांगलं सांगते. पहिली तीन मिनिटं अस्सल आहेत. रहाटाची करकर ती घाईनं संपवत नाही. दोर ओला होत जातो तसा आवाज जड होत जातो, हे तिनं ऐकलंय आणि आपल्यालाही ऐकू दिलंय. भाकरीचा भागही फार छान. आईचे हात प्रत्येक भाकरीला सुरुवातीला सावकाश आणि मग भरभर पडतात, आणि शेवटी एक थांबा येतो, ज्यात भाकरी उचलून तव्यावर जाते. तो थांबा तिनं कापला नाही. कापला असता तर नुसता ठेका उरला असता. आईचं पुटपुटणंही शब्द कळणार नाहीत इतक्या लांबून ठेवलंय, ते योग्य. ती आपल्यासाठी म्हणत नव्हती.

मधला भाग मात्र मला आवडला नाही. कुकरच्या शिट्ट्या घेऊन तिनं त्यांचा एक खेळ केलाय. एका शिट्टीवर दुसरी, कमीजास्त वेगानं, वर खाली सुरांत. मंडळात सगळ्या इथं हसल्या आणि ती खूश झाली. पण माझ्या आईच्या घरी कुकर दुपारी एकदा लागायचा, तीन शिट्ट्या व्हायच्या. इथं चाळीस होतात. इथं आई नाहीशी होते आणि यंत्र शिकलेली मुलगी दिसू लागते. शेवटची दोन मिनिटं पावसाच्या आवाजावर संपवलीत. ध्वनिमुद्रण उन्हाळ्यातलं, मग हा पाऊस कुठला? विचारलं तर म्हणाली, बडोद्याचा. शेवट ओला व्हावा म्हणून घेतला. मैत्रिणींनो, रडू येण्यासाठी घातलेला पाऊस ओळखू येतो.

आता वगळलेल्याबद्दल. खोकल्याचं वहिनीनं सांगितलं. दुसरी गोष्ट मला स्वतःला तिसऱ्या वेळी ऐकताना लागली. या रचनेत बादली एकदाच खाली जाते. आमच्या घरी ती दोनदा जायची. पाणी काढायचं, दुहेरी कापडातून गाळायचं, मग ते गाळणं उलटं करून गाळलेल्या पाण्यानं धुवायचं आणि ती जिवाणी तळाला कडी असलेल्या बादलीतून परत त्याच विहिरीत अलगद सोडायची. वरून ओतायची नाही, बादली पाण्याला टेकली की मग कलती करायची. जे जीव जिथले, ते तिथं परत. त्यामुळे रहाट पहिल्यांदा करकरतो आणि दुसऱ्यांदा हळू, जवळजवळ आवाज न करता उतरतो. ज्यांच्या घरी हे चालतं त्यांना तो दुसरा आवाज रात्री झोपेतही ओळखू येईल.

मी फोन करून विचारलं, तो कुठं आहे? ती म्हणाली, "तो होता गं मावशी. पण पहिल्यासारखाच होता, फक्त कमजोर. मला वाटलं डबल झालाय." फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीनं जिवाणी कधी पाहिली नव्हती. आणि आम्ही कुणी तिला दाखवली नव्हती, हेही तितकंच खरं. आमच्या निपाणीच्या घरातही आता भिंतीवर फिल्टर आहे, आणि त्याचं गाळलेलं कुठं जातं हे मी कधी बघितलेलं नाही.

खोकल्याबद्दल मात्र ती भांडली, आणि तिचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. ती म्हणाली, "आज्जीचा खोकला ठेवला असता तर तुम्ही दुसरं काही ऐकलं असतं का? सगळ्यांनी आजार ऐकला असता. मला तिचे हात ऐकवायचे होते." मी गप्प झाले. तिचं हे प्रेमच होतं. आजारी माणसाला लोकांसमोर आणताना आपण पदर सारखा करतो, तसं तिनं केलं. शेफेरना एका अनोळखी बाईचा खोकला ठेवणं सोपं गेलं, कारण तो त्यांच्या घरातला नव्हता.

तरी माझं मत बदललं नाही. वहिनीनं दोन वर्षं रात्री तो खोकला ऐकून उठून पाणी गरम केलं. तिच्या लेखी आई म्हणजे हात आणि खोकला दोन्ही. 'परसदार' ऐकताना तिला असं वाटलं की तिनं केलेली दोन वर्षं कुणीतरी पुसून टाकलीत, आणि टाळ्या वाजवायला तिलाच बोलावलंय. हे तिनं बोलून दाखवलं नाही, पण तिच्या एका प्रश्नात ते होतं. घरातले आवाज घेऊन रचना करताना असा एक श्रोता नेहमी असतो, ज्याला मूळ मुद्रण पाठ असतं. त्याला फसवता येत नाही. माझ्या मते या संगीताची खरी परीक्षा तोच घेतो. व्हँकुव्हरच्या बाईंनी केलं तसं भाचीनं एका वाक्यात जरी म्हटलं असतं, की आज्जी खोकत होती, मी तो आवाज काढलाय, कारण मला तिचे हात ऐकायचे आहेत, तर वहिनी कदाचित रडली असती, पण परकी झाली नसती.

म्हणून माझा निवाडा असा: 'परसदार' ही चांगल्या कानाची, हुशार हाताची, आणि अजून घराशी पुरती न बोललेली रचना आहे. पहिली तीन मिनिटं आणि भाकरी ठेवावी. शिट्ट्या तीनवर आणाव्यात. पाऊस काढावा. बादली दोनदा सोडावी. खोकल्याचं तिनं ठरवावं, पण काय ठरवलं ते आम्हाला सांगावं.

हे सगळं मी तिला लिहून पाठवलं. चार दिवस काही उत्तर नाही. मला वाटलं रागावली. मग एक टपाल आलं, माझ्या नावाचं नव्हे, वहिनीच्या. आत एक पेनड्राइव्ह आणि चिठ्ठी. तीन दिवसांचं अख्खं मुद्रण, एकतीस तास, काहीही न काढता. चिठ्ठीत लिहिलं होतं, मामी, यातलं मी काहीच पुसलं नव्हतं, वेगळं ठेवलं होतं. हे तुमच्याकडे असू दे. नवी रचना होईल तेव्हा होईल.

भावानं ते जुन्या लॅपटॉपला लावून दिलं. वहिनी आता दुपारी भांडी आवरली की अर्धा तास ते लावून बसते, निवडण-टिपण करत. मी परवा गेले होते तेव्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ चालू होती. आई खोकली, खूप वेळ खोकली. मग रहाट दुसऱ्यांदा उतरला. वहिनी हातातलं सूप ठेवून ऐकत राहिली, आणि बादली पाण्याला टेकल्याचा आवाज आल्यावर मला म्हणाली, "बघा, ही मी. त्या दिवशी आईंना दम लागला होता, जिवाणी मी सोडली."